घोडा, ट्राला आणि माझा जीव

वारा फिरला की आमच्या गल्लीत आधी कुत्री शिंकतात, मग माणसं. परवा सकाळी दुकानाचं शटर वर केलं आणि पहिलाच श्वास घशात अडकला. म्हटलं, चला, आली मिरची. नंदुरबारच्या अगदी कडेला आमची वस्ती आणि वस्तीला लागून व्यापाऱ्यांच्या पथारी. पथारी म्हणजे मिरची वाळवायची मोकळी मैदानं. दिवाळी सरली की तिथे ओली लाल मिरची पसरतात, ती थेट होळीच्या आसपासपर्यंत. तोंडाला ओढण्या गुंडाळलेल्या बाया दिवसभर ती खालीवर करतात. दुपारी ऊन तापलं की तो तिखट वास उठतो आणि सरळ माझ्या शिलाई मशीनपाशी येऊन बसतो. नवं गिऱ्हाईक खोकून बेजार होतं. जुनं गिऱ्हाईक खोकत खोकतच मापं देतं. छातीचं माप या दिवसांत मी दोनदा घेतो.

हा ठसका लागला की मला दोन वर्षांमागचा हंगाम आठवतो. त्या हिवाळ्यात मी एक ट्रेलर बांधला. दीड हात लांब, प्लास्टिकचा, खरेखुरे रबरी टायर असलेला. रस्त्यावरचे ड्रायव्हर पुढच्या इंजिनवाल्या तोंडाला घोडा म्हणतात आणि त्याला मागे जोडलेलं जे लांबडं धूड असतं, तो ट्राला. असा घोडा नि असा ट्राला मी माझ्या कापड कापायच्या टेबलावर एकेक तुकडा चिकटवून उभा केला. छंद म्हणून नव्हे हो! मला कसला आलाय छंद? बायकोच्या पायी.

मी भित्रा माणूस आहे. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढे कुणाची फसवणूक व्हायला नको. कुकरची शिट्टी व्हायच्या बेतात आली की मी स्वयंपाकघरातून बाहेर येतो. पाल दिसली की दुकान तिच्या हवाली करून चहाला जातो. तळोद्याच्या आश्रमशाळेचे गणवेश शिवून द्यायला निघालो, की तापीचा पूल यायच्या आधी डोळे मिटतो आणि शेजारच्या माणसाला विचारतो, गेला का पूल? तो म्हणतो, कवाच गेला. तरी मी आणखी थोडा वेळ मिटलेलेच ठेवतो. लोक हसतात. हसू देत. लहानपणापासून मला जिची भीती वाटत नाही अशी एवढी एकच गोष्ट आहे, लोकांचं हसणं.

सुनंदा, माझी बायको, धानोऱ्याची. तिचे वडील, म्हणजे आमचे तात्या, तापीच्या पट्ट्यातले जुने बागायतदार. मी तिला पाहायला गेलो तेव्हा ती ट्रॅक्टरवर होती. कापसानं भरलेली ट्रॉली उलटी घेत होती. दोन निंबांच्या मधून, मान मागे वळवून, एका हातानं. मी गोठ्याच्या भिंतीशी पाहुण्यासारखा उभा आणि ट्रॉली माझ्याकडे येतेय. मला वाटलं, झालं, आता ही मला भिंतीत चेपणार आणि लग्न इथेच मोडणार. ट्रॉली माझ्या पुढ्यात येऊन थांबली. ती उतरली, पदराला हात पुसले आणि मला पाणी दिलं.

लग्नानंतर आम्ही तोरणमाळला गेलो होतो. सातपुड्यातल्या त्या चढाला वळणं संपतच नाहीत. जीपमध्ये माणसं कोंबलेली, टपावर पोती, आणि ड्रायव्हर वळणावर तंबाखू मळतोय. मी गुडघ्यात डोकं घालून बसलो. सुनंदा कडेला, अर्धी बाहेर. ‘आवो, दखा तरी, कितलं खोल शे!’ असं म्हणत होती आणि हसत होती. मी म्हटलं, खोल आहे म्हणूनच बघत नाही. वर पोचल्यावर तिनं मला दंडाला धरून उतरवलं, तलावाच्या काठी बसवलं आणि लिंबू हुंगायला दिलं. नवी नवरी नवऱ्याला लिंबू हुंगवतेय आणि जीपमधली सगळी माणसं बघताहेत. तिला त्याची लाज वाटली नाही. मला वाटली, पण चक्कर जास्त होती.

पुढे आमची पल्लवी झाली. लहानपणी एकदा ती तापानं अशी फणफणली की डोळे फिरवले. दवाखान्याच्या बाहेर बाकावर मी थरथरत बसलो आणि आत सुनंदा डॉक्टरांशी बोलत होती. मध्येच बाहेर येऊन तिनं मला पाणी पाजलं, खांद्यावर थोपटलं आणि पुन्हा आत गेली. आमच्या घरची वाटणी तेव्हाच ठरून गेली. घाबरायचं काम माझं, बाकी सगळी कामं तिची. मला वाटायचं, भीती म्हणून काही चीज असते हे या बाईला ठाऊकच नाही. देव वाढायला बसला तेव्हा तिच्या ताटातलं चुकून माझ्या ताटात पडलं असणार.

पल्लवी नर्सिंगला नाशिकला गेली आणि घर मोकळं झालं. त्याच दिवाळीनंतरची गोष्ट. जेवताना सुनंदा म्हणाली, ‘आवो, मी मोठी गाडीनं लायसन काढी ऱ्हायनू.’

‘कितली मोठी?’

‘ट्राला.’

घास माझ्या हातात तसाच राहिला. मी विचारलं, ‘कसाले?’

‘माले येस म्हनीसन,’ ती म्हणाली, आणि मला भाकरी वाढली.

मला येतं म्हणून! आता या उत्तराला काय उत्तर असतं सांगा. हौस म्हणाली असती तर हौस फिटते म्हटलं असतं. पैसा म्हणाली असती तर दोन शर्ट जास्त शिवतो म्हटलं असतं. तिला येत होतं हे तर मी भिंतीला पाठ लावून पाहिलेलं होतं. मी जेवण उरकलं. हात धुताना मात्र मला सुरत रस्त्यावरचा कोंडाईबारीचा घाट दिसू लागला. धुळ्याकडून येणाऱ्या गाड्या तिथून खाली विसरवाडीकडे उतरतात. सगळ्याच नीट उतरतात असं नाही. कठडा तोडून गेलेली गाडी बसच्या खिडकीतून मी एकदा पाहिली होती. चाकं वर करून पडली होती आणि कुणीतरी तिच्या सावलीत बसून बिडी ओढत होतं. ते एवढंसं दृश्य माझ्या डोक्यातून वर्षानुवर्षं गेलेलं नाही.

बाजारपेठेत बातमी पसरायला कितीसा वेळ लागतो? ‘टेलरची बायको ट्रेलरवर’ असं चहावाल्यानं जोडून टाकलं आणि मला बघितलं की पोरंठोरं भोंगा वाजवल्यासारखं करू लागली. मी हसायचो. रात्री अंथरुणात मात्र मी कूस बदलत असे आणि सुनंदा शेजारी गाढ झोपलेली.

मग एक दिवस खोकं आलं. तिनं फोनवरून मागवलेलं. वर चित्र होतं एका लांब नाकाच्या परदेशी गाडीचं, मागे बर्फाचे डोंगर. आत प्लास्टिकच्या चौकटी आणि प्रत्येक चौकटीला शेकड्यानं बारके तुकडे लटकलेले. शिवायच्या आधी कापडाच्या कळ्या कशा सुट्या असतात, तशी सुटी गाडी.

‘हाई तुमनाकरता शे,’ ती म्हणाली.

‘मन्हाकरता? गाडी तू चालाडशी ना?’

‘मी चालाडसू. पन घाबरतस तुम्ही. जे लांबथीन मोठं दिखास, ते हातमा ल्या म्हंजे धाकलं व्हई जास.’

धाकलं म्हणजे लहान. लांबून मोठं दिसतं ते हातात घेतलं की लहान होतं, असं तिचं म्हणणं. तिच्या बाबतीत खरंही असेल. तिनं हातात घेतलेली प्रत्येक गोष्ट मी लहान होताना पाहिली आहे.

झालं, लागलो कामाला. लग्नसराईचे कपडे बाजूला सारून टेबलाचा एक कोपरा मोकळा केला. कागदावरची आकृती वाचायला मला अडचण नव्हती, आयुष्यभर तेच केलं आहे. पण पहिल्याच आठवड्यात मी घोळ घातला. शिंपी कापड कापतो तेव्हा रेघेवर कधी कापत नाही. रेघेबाहेर बोटभर कापड सोडतो, शिवणीत दाबायला. तिला आम्ही माया म्हणतो. हाताला इतकी सवय की चौकटीतून तुकडा कापतानाही मी सगळीकडे थोडी थोडी माया सोडत गेलो. चाकं सोडून. चाकांना माया सोडत नाहीत एवढं कळलं. बाकी सगळं सोडून ठेवलं, आणि जोडायला गेलो तर काहीच कशात बसेना. दार चौकटीत मावेना, टाकी खाचेत शिरेना. सुनंदानं एकेक तुकडा उजेडात धरून पाहिला.

‘काय करं तुम्ही हाई? सदरा शे का हाऊ? नंतर उसवीसन मोठा करना शे?’

आणि ती इतकी हसली की तिला ठसका लागला. बाहेर मिरची, आत ही. पुढचे कित्येक दिवस मी कानस घेऊन माया घासत बसलो. टेबलावर पांढरा भुसा पडायचा आणि नवऱ्या मुलाच्या काळ्या कोटावर जाऊन बसायचा.

स्टेअरिंगचं आणखी वेगळंच. गाडी परदेशी, म्हणून स्टेअरिंग डावीकडे. सुनंदानं वाकून काचेतून पाहिलं आणि म्हणाली, ‘उलटा हातले शे. आपले आठे असं चालत नही.’ तिला म्हटलं, खेळणं आहे, कुणाला चालवायचंय? पण तिनं तोंड असं केलं की मी निमूटपणे समोरची फळी सोडवली. शर्टाची कॉलर विरली की आम्ही ती उसवून उलटी लावतो, गिऱ्हाइकाला आणखी वर्षभर शर्ट जातो. तशी ती फळी उलटी फिरवून बसवली आणि स्टेअरिंग उजवीकडे आणलं. तिनं बोटानं ते फिरवून पाहिलं. तेव्हा पहिल्यांदा मला त्या इवल्याशा सीटवर ती बसलेली दिसली, लाल काठाच्या साडीतली, एकटी. मी बल्ब बंद केला आणि त्या दिवशी पुन्हा टेबलापाशी गेलो नाही.

तिचा उपाय माझ्यावर उलटत होता. आधी मला ट्रेलरची भीती होती, ती एकगठ्ठा. आता सुटी सुटी वाटू लागली. हवेचे नळे किती बारीक असतात हे आधी मला कुठे ठाऊक होतं? ब्रेकच्या वाट्या केवढ्याशा, एवढ्या ढिगाला थांबवायला त्या पुरतात हेही माहीत नव्हतं. घोडा आणि ट्राला यांना धरून ठेवायला एक खिळा असतो, फक्त एक, हे कळलं तेव्हा तर मी सुई बोटात टोचून घेतली. जो जो तुकडा चिकटवावा, तो तो मनात मोडायचा.

नाताळ जवळ आला तसे याकूबदादा आले. नवापूरच्या पलीकडे, गुजरातच्या शिवेला त्यांचं डोंगरातलं गाव. घरची थोडी शेती आहे, पण जन्म सुरत रस्त्यावर ट्राला चालवण्यात गेला. दर नाताळाला माझ्याकडून कोट शिवून घेतात आणि प्रार्थनेला घालून जातात. सुनंदासाठी आपल्या ट्राल्याच्या मालकाकडे, शेठकडे, कामाचं बोलून ठेवलं होतं ते यांनीच. मी रागावणार होतो, पण त्यांच्या अंगावर कोट टाचण्यांनी लावलेला असताना रागावणं बरं दिसेना.

‘टेलरभाऊ, ही तर भारी बनवली!’ टेबलावरच्या गाडीकडे बघून ते म्हणाले. मग हात पसरल्या पसरल्याच मला शिकवू लागले. ‘घाटात लोक काय करतात, ब्रेक दाबत दाबत उतरतात. मग ब्रेकचा लायनर तापतो. वास येतो. वास आला की समजा, उशीर झाला. ज्या गेअरमध्ये चढलो असतो, त्याच गेअरमध्ये उतरायचं. बैलाच्या पावलानं. मागचा भोंगा देईल, शिव्या देईल, देऊ दे.’

‘आणि खिळा सुटला तर?’

‘खिळा नाय सुटत. खिळ्याला धरणारा खटका असतो, वाकून बघायचा, बसलाय का. बसलेला खटका सुटत नाय भाऊ.’ मग माझ्या तोंडाकडे बघून ते म्हणाले, ‘तुम्ही कोट बघा. खांद्यात ओढतोय.’

खरंच ओढत होता. माझं लक्षच नव्हतं.

संक्रांतीच्या आसपास गाडी जोडून झाली. सुनंदानं खडूनं टेबलावर रेघा मारल्या. हे गोदाम, ही भिंत, हा रस्ता. रोज संध्याकाळी ती ट्राला उलटा घ्यायचा सराव करी. घोड्याचं तोंड उजवीकडे वळवलं की मागचं धूड डावीकडे जातं. ट्रॉलीचंही तसंच, पण ट्राला लांब, उशिरा वळतो आणि वळला की ऐकत नाही. मी बाजूला उभा राहून बघायचो. बघता बघता मलाही जरा बरं वाटू लागलं होतं, खोटं कशाला बोलू? एका संध्याकाळी तर मी काज करता करता गुणगुणतही होतो.

त्याच संध्याकाळी ट्राला सुटला. ती उलटा घेत होती, आणि घोडा हातात राहिला नि मागचं धूड घसरत घसरत टेबलाच्या कडेवरून खाली गेलं. खिळ्याची माया मी जरा जास्तच घासली होती, तो खाचेत सैल झाला होता. फरशीवर पडल्याचा आवाज फार मोठा नव्हता. एक चाक गडगडत मशीनखाली गेलं.  ‘सुटना,’ मी कसाबसा म्हणालो. सुटला.

‘खेळनं शे ते. खेळनं पडस,’ सुनंदा म्हणाली, वाकली आणि मशीनखालून चाक काढून आणलं. पण त्या दिवशी तिनं पुन्हा सराव केला नाही. मी त्याचा अर्थ एवढाच काढला की माझं तोंड बघून तिचा मूड गेला. मी खिळा नवा केला, दोऱ्याच्या रिळाच्या काडीचा. घट्ट बसतो का ते दहादा पाहिलं. मग अंथरुणावर पडून रडलो, आवाज न करता. नवऱ्यानं रडू नये वगैरे मला कुणी शिकवलेलं नाही, आणि शिकवलं असतं तरी जमलं नसतं.

लायसन आलं. पेढे वाटले. तात्या धानोऱ्याहून फेटा बांधून आले आणि चहावाल्याच्या दुकानात बसून मुद्दाम मोठ्यानं बोलले. आता शेठची एक फेरी राहिली होती. धुळ्याहून कापसाच्या गाठी घेऊन सुरत. पुढच्या गाडीवर याकूबदादा, मागच्या गाडीवर सुनंदा. नीट गेली तर काम पक्कं, नाहीतर शेठ दुसरा माणूस बघणार. निघायच्या आदल्या दिवशी तिच्या गाडीवरच्या क्लीनरनं निरोप पाठवला की बाईच्या गाडीवर मी बसत नाही.

‘तुम्ही चला,’ सुनंदा मला म्हणाली.

‘मी? मी काय करसू?’

‘बसा. क्लीनर बसस तसा.’

नाही कसं म्हणणार? मी नाही म्हटलं तर ती एकटी जाणार, आणि ते मला त्याहून जास्त भीतीचं होतं. मी दुकानाला कुलूप लावलं. एका पिशवीत लिंबं घेतली, एका पिशवीत जीव.

धुळ्यात गाठी भरल्या. ट्राल्याशेजारी उभा राहिलो तर चाक माझ्या छातीला आलं. शिडीनं वर चढलो. केबिन उंच, खाली माणसं बुटकी दिसत होती. सुनंदानं साडीवर जुना सदरा चढवला होता, माझाच. साक्री गेलं, दहिवेल गेलं. मी डोळे उघडे ठेवले होते, कारण मिटले तर जास्त दिसत होतं. ती चालवत होती, जशी चालवायची तशी, एका लयीत. मी मनात म्हटलं, हिला कसली भीती? मरायचं ते मीच मरणार, धसक्यानं.

घाटाच्या वर गाड्या थांबतात. ड्रायव्हर उतरतात, टायरला लाथ मारून बघतात, देवीला हात जोडतात. याकूबदादा थांबले, उतरले, बघितलं, आम्हाला हात केला आणि पुढे निघून वळणाआड गेले. सुनंदानंही गाडी कडेला घेतली. इंजिन चालू होतं. ती उतरली नाही. स्टेअरिंगवर दोन्ही हात ठेवून समोर बघत बसली. मला वाटलं, नमस्कार करतेय.

‘आवो.’

‘काय?’

‘माले भेव वाटी ऱ्हायनं.’

मला आधी समजलंच नाही ती काय म्हणाली. शब्द माझे होते, तिच्या तोंडून कसे आले? मी म्हटलं, ‘तुले?’

‘हां. भलतं. हात दखा मन्हा.’

मी तिचा हात पाहिला. थरथरत होता. इतक्या वर्षांत तो हात मी कधी थरथरताना पाहिला नव्हता.

‘पयलेबी वाटे,’ समोरच बघत ती म्हणाली. ‘तोरणमाळले वाटनं. पल्लवी आजारी व्हती तवय तं पोटमा निस्ता गोळा. पन तुम्ही आधीच घाबरी जायेत. दोन्ही जन घाबरनूत तं घर कसं चाली? म्हनीसन मी गप ऱ्हाऊ. आजना दिन माले घाबरू द्या. आजना दिन तुम्ही नका घाबरू.’

म्हणजे तोरणमाळच्या जीपमध्ये ती हसत होती ते. दवाखान्यात मला पाणी पाजत होती ते. तेव्हा तिच्या पोटात गोळा होता आणि बाकावर मी एकटाच सगळी जागा अडवून बसलो होतो.  पण त्याचा विचार करायची ही वेळ नव्हती. ती माझ्याकडे बघत होती, पल्लवी लहानपणी बघायची तशी.

मी दार उघडून खाली उतरलो.  एकेका टायरवर हात ठेवत गाडीला पूर्ण वळसा घातला. हवेच्या नळ्यांशी कान नेला, कुठे फुसफुस नव्हती. घोडा आणि ट्राला जिथे जोडले जातात तिथे वाकलो, आत डोकं घातलं आणि खटका पाहिला. बसलेला होता. खिळाही खेळण्यात जिथे असतो, अगदी तिथेच होता, फक्त माझ्या मनगटाएवढा जाड. बाकी खऱ्या गाडीतलं मला काय कळतंय? कळो न कळो, मी ग्रीस लागलेले हात सदऱ्याला पुसले, वर चढलो, दार लावलं आणि गिऱ्हाइकाला ‘कोट फिट बसलाय’ असं सांगतो त्या आवाजात म्हणालो, ‘बठ्ठं ठीक शे. उतर. काही व्हत नही.’

तिनं गेअर टाकला.

तो उतार मी तुम्हाला सांगू शकत नाही. बैलाच्या पावलानं गेलो. मागून भोंगे वाजत होते. डाव्या बाजूला कठडा होता, मग नव्हता, मग पुन्हा होता. मी लायनरचा वास येतोय का म्हणून नाक फुगवून बसलो होतो, पण तोंडानं मात्र बोलत होतो. पल्लवीचं काहीतरी, तात्यांच्या फेट्याचं काहीतरी. प्रत्येक वळणावर ‘भारी, भारी’ म्हणत होतो. माझा आवाज कुणा दुसऱ्याचा असावा तसा मला ऐकू येत होता. सुनंदाचे ओठ घट्ट मिटलेले. एकदा तिनं नुसतं ‘बोला’ म्हटलं, कारण मी गप्प झालो होतो.

खाली विसरवाडीच्या अलीकडे याकूबदादांची गाडी ढाब्यावर उभी दिसली. सुनंदानं आमची तिच्या मागे लावली, इंजिन बंद केलं आणि स्टेअरिंगवर डोकं टेकून पोटभर रडली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिलो. डोळे पुसून ती म्हणाली, ‘आते घाबरा तुम्ही. आते चाली.’ तिनं सांगायचीच खोटी. मला साधी शिडी उतरता येईना. याकूबदादांनी काखेत हात घालून मला खाली घेतलं. ढाब्यावर मी चहा सांडला, पहिला आणि दुसराही.

काम पक्कं झालं. आता ती आठवड्यातून दोनदा तरी सुरतेला जाते. क्लीनर मिळाला आहे, तिला ‘मावशी’ म्हणतो. प्लास्टिकची गाडी दुकानातल्या फळीवर आहे, लहान गिऱ्हाइकं मापं देताना तिच्याकडे बघत उभी राहतात. आणि सुनंदा पथारीवरच्या बायांना, तात्यांना, ढाबेवाल्याला, जो भेटेल त्याला सांगते, ‘मन्हा मालक आते घाबरत नही. गाडी हातमा लिन्ही नि भेव गयं.’ सांगताना तिचा चेहरा असा खुलतो की मी मान हलवतो. हो म्हणतो. अहो, काय म्हणू दुसरं?

कारण हल्ली सुनंदा मनसोक्त घाबरते. पावसाचं भरून आलं की घाबरते. परवा पाल बघून ओरडली. पल्लवीचा फोन लागला नाही तर घरभर फिरते आणि मला म्हणते, ‘तुम्ही लावा, माले नही जमनार.’ मी फोन लावतो, बोलतो, तिला सांगतो की सगळं ठीक आहे. ती सुटकेचा श्वास सोडते. इतक्या वर्षांचं साठलेलं आहे, निघू दे. मी कुकरपाशी उभा राहायलाही शिकलो आहे.

आजही ती धुळ्याहून निघाली आहे. मघाशी फोन वाजला तेव्हा मी एका कुडत्याचं कापड टेबलावर पसरत होतो.

‘आवो, मी वर शे.’

‘टायर दखात?’

‘दखात.’

‘खटका?’

‘दखा.’

‘मंग उतर,’ मी म्हटलं. ‘काही व्हत नही.’

‘बरं,’ ती म्हणाली. तिचा आवाज लगेच हलका झाला, मला ऐकू आलं.

फोन ठेवला. खाली पोचली की ती पुन्हा करते. तोवर मी कात्री टेबलावर ठेवून बसतो. तेवढ्या वेळात मी कुणाचंही कापड कापत नाही.